दिवाणजींचा कागद

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अचलपूर-परतवाड्याच्या बाजारातून एक फेरी मारून पाहावी. पेढीपेढीवर गाद्यांच्या चादरी शुभ्र धुतलेल्या असतात, तक्क्यांना नवे अभ्रे चढलेले असतात आणि चौरंगावर लाल कापडी पुठ्ठ्याची नवी वही मांडून तिला हळदकुंकू वाहिलेले असते. पहिल्या पानावर 'श्री', दोन्ही बाजूंना 'शुभ' आणि 'लाभ'. अलीकडे वहीच्या शेजारी संगणकही बसतो आणि झेंडूचे एक फूल त्याच्याही वाट्याला येते. वहीची पूजा होते, तिजोरीची होते, तराजूची होते. ज्याच्या हाताने ती वही वर्षभर लिहिली जाते तो माणूस मात्र त्या वेळी बहुधा मागच्या खोलीत प्रसादाचे पुडे बांधीत असतो.

या माणसाला आमच्या वऱ्हाडात कोणी दिवाणजी म्हणतात, कोणी मुनीमजी. नव्या दुकानांतून तो 'अकाउंटंट' झाला आहे. नाव बदलले, बोरू जाऊन 'टॅली' आली, पूर्वी दिवाळीला संपणारे हिशेबाचे वर्ष आता ३१ मार्चला संपते. प्राप्तिकराच्या कायद्याने १९८९ पासून सगळ्यांचे वर्ष एकच करून टाकले. बदलली नाही ती एकच गोष्ट. कायद्याने या माणसाला शिक्षा सांगताना अगदी नेमकी हाक मारली आहे. संरक्षण देताना मात्र 'आधी कागद दाखव' असे म्हटले आहे. आणि जन्मभर इतरांचे कागद सांभाळणाऱ्या या माणसाजवळ स्वतःचा कागद तेवढा नसतो.

जुना मान

मी मराठीचा मास्तर. हिशेबाशी माझा संबंध महिनाअखेरीपुरता. पण या माणसाची नावे मराठीत किती आहेत ती पाहा! ज्याला आपण फडणीस म्हणतो तो मूळचा फर्दनवीस, म्हणजे फर्द लिहिणारा. हिशेबनीस हा हिशेब लिहिणारा. 'मुनीम' हा शब्द अरबी 'मुनीब'वरून आला असे सांगतात. 'दिवाणजी'मधला दिवाण तर दरबारातून थेट दुकानात उतरलेला. देशमुखाच्या जोडीला देशपांडे आणि पाटलाच्या जोडीला कुलकर्णी किंवा पटवारी, अशी जुन्या राज्यव्यवस्थेची बैलजोडीच होती. एकाने वसूल करावे, दुसऱ्याने लिहावे.

संतचरित्रांतही हा माणूस भेटतो. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या घरी एकनाथांकडे हिशेबाचे काम होते, एक पैची चूक सापडत नव्हती म्हणून ते रात्र रात्र जागले आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण शाळेत ऐकलेली आहे. गुरूंनी त्या एकाग्रतेचे कौतुक केले. मला या कथेतली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. चूक सापडेपर्यंत शिष्याला जागू दिले. 'जुळत नसेल तर जुळवून टाक' असे कोणी म्हटले नाही. हिशेबनिसाचा पहिला हक्क तो हाच. खरे लिहू देण्याचा.

वतनदार लेखकाजवळ सनद असे. त्याचे काम, त्याचा हक्क, त्याचे मानपान त्या कागदावर लिहिलेले असे. वतने स्वातंत्र्यानंतर गेली ती चांगल्यासाठीच गेली. त्यांत अन्यायही पुष्कळ होता. पण सनदेबरोबर, लिहिणाऱ्याच्या हाती त्याच्या हक्काचा लेखी कागद असावा, ही कल्पनाही गेली.

एका दिवाणजींची हकीगत

माझ्या परिचयाचे एक दिवाणजी आहेत. त्यांचे नाव सांगत नाही, पेढीचेही नाही. गाव लहान आहे. धान्याच्या एका पेढीवर ते १९८७ साली लागले. माणसे सारी चार. सकाळी दहाला जाणे, रात्री बाजार आवरून रोकड जुळली की परतणे. मार्चअखेर आणि दिवाळी या काळात घरची माणसे त्यांना झोपलेलेच पाहत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि दर महिन्याची विवरणपत्रे सुरू झाली, तेव्हा पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ पोराच्या वयाच्या मुलाकडून संगणक शिकला. पगारात भर पडली नाही, कामात पडली.

एकदा तपासणीला अधिकारी आले. शेठजी हात जोडून म्हणाले, "हिशोबातलं आमाले काय समजते साहेब! समदं दिवाणजीच पाहतात." दिवाणजी गप्प बसले. पुढे काही महिन्यांनी शेठजींनी मागल्या तारखेचे एक बिल नोंदवायला सांगितले. माल आलेला नव्हता. दिवाणजी म्हणाले, "शेठजी, चिठ्ठीवर तुमी सही करा, मी लिवतो."

त्यांनी एवढेच म्हटले. भांडण नाही, उपदेश नाही. आठवड्याभराने त्यांना सांगण्यात आले, "दिवाणजी, उद्यापासून तरास घेऊ नका. पोरगं पाहते आता." एकतीस वर्षांची नोकरी एका वाक्यात संपली. हाती चालू महिन्याचा पगार आणि धोतरजोडी.

मी त्यांना म्हटले, "तुम्ही दाद का मागत नाही?" तर ते हसले. म्हणाले, "सर, एकतीस वर्सं म्या दुसऱ्याचे कागद लिवले. मी तेथं होतो असं सांगनारा माह्यापाशी एक कागद नाही. आन् केस करनाऱ्याले दुसरी पेढी उभं करत नाही." आता ते तीन लहान दुकानांचे हिशेब तीन ठिकाणी बसून लिहितात.

ही हकीगत एकट्या त्यांची असती तर मी ती लिहिली नसती. माझे कितीतरी विद्यार्थी बी.ए., बी.कॉम. होऊन याच कामाला लागतात. कोणाजवळही नेमणुकीचा कागद नसतो.

हमालाला खुर्ची आहे

यावर कोणी म्हणेल, बाजारातले सगळेच व्यवहार तोंडी चालतात. तसे नाही. बाजाराला नियम लावण्याचे काम हिंदुस्थानात आधी आमच्या वऱ्हाडाने केले. कापसाचा नियंत्रित बाजार कारंजा येथे १८८६ साली सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतकऱ्याला काट्यावर लुबाडू नये म्हणून दलाल आणि मापारी नियमात आले. पुढे महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणनाचा कायदा १९६३ साली झाला. आज बाजार समितीच्या संचालक मंडळावर हमाल-मापाऱ्यांचा एक प्रतिनिधी निवडून जातो. अडते-व्यापाऱ्यांचे दोन असतात. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. पाठीवर पोते वाहणाऱ्याच्या मजुरीला, भविष्यनिर्वाह निधीला त्या कायद्याने आधार दिला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांची चळवळ होती.

हे सर्व योग्यच झाले. मौज एवढीच की, ज्या पोत्याचे वजन मापारी करतो आणि जे पोते हमाल उचलतो, त्याच पोत्याची नोंद करणारा दिवाणजी त्या मंडळात कोठेच नाही. तो पांढरपेशा पडला! त्याने पाठीवर काही उचलले नाही, म्हणून त्याच्यावर काही ओझे आहे असे कोणालाच वाटले नाही.

याच माणसाचा एक भाऊ मात्र पुढे गेला. तो बँकेत लागला. काम तेच, जमा आणि नावे. पण बँकेतल्या कारकुनांनी १९४६ साली आपली अखिल भारतीय संघटना उभारली. १९५३ साली शास्त्री निवाडा आला. पुढे सरकारने बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबतच्या निर्णयात फेरफार केले, तेव्हा १९५४ साली केंद्रातले मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. मग आपल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांच्या आयोगाने १९५५ मध्ये तो प्रश्न मार्गी लावला. जमाखर्च लिहिणाऱ्यांसाठी मंत्र्याने खुर्ची सोडावी, हे आज कोणाला खरे वाटेल? बँकेतल्या भावाचे तास ठरले, रजा ठरली, निवृत्ती ठरली. पेढीवरचा भाऊ एकेकटा होता. एका पेढीवर एक दिवाणजी. त्याने संघ करावा कोणाशी? आमच्या गावची फिनले मिल २०२० साली बंद पडली तेव्हा कामगारांनी आंदोलने केली, सगळ्या जिल्ह्याला कळले. दिवाणजीला काढले तर शेजारच्या दुकानालाही आठ दिवसांनी कळते.

शिक्षेच्या कलमात नाव

आता कायद्याकडे पाहू. भारतीय दंडविधानात १८९५ साली एक कलम घातले गेले, ४७७-अ. खोटे हिशेब लिहिण्याबद्दलचे. त्यात गुन्हेगार कोण म्हणून सांगितला आहे? 'कारकून, अधिकारी किंवा नोकर'. फसवणुकीच्या हेतूने त्याने वही फाडली, बदलली किंवा खोटी लिहिली तर सात वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३४४ व्या कलमात हाच गुन्हा आहे आणि तेच तिघे आहेत.

मालक सुटतो असे मला म्हणायचे नाही. फसवणूक, चिथावणी ही कलमे त्याच्यासाठी आहेतच. पण त्यासाठी त्याचा हुकूम सिद्ध व्हावा लागतो. हुकूम तोंडी असतो. अक्षर मात्र दिवाणजींचे असते. म्हणून तर आमच्या दिवाणजींनी सही मागितली. ती मागणी म्हणजे उद्धटपणा नव्हता, चोवीस तास शेजारी बसलेल्या तुरुंगापासून दूर सरकण्याची ती एकच जागा होती.

सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात क्लिंटन नावाचे एक लहान गाव आहे. 'वर्ल्डकॉम' या दूरध्वनी कंपनीचे मुख्य ठाणे तेथे होते. तिच्या लेखा विभागात बेटी विन्सन नावाची मधल्या फळीतली एक बाई काम करीत असे. वरिष्ठांनी सांगितले, चालू खर्च भांडवली खर्चात दाखवा. तिला ते पटले नाही. तिने राजीनाम्याचे पत्र लिहूनही ठेवले. पण घर तिच्या पगारावर चाले. वरून धीर देण्यात आला. ते पत्र दिले गेले नाही आणि नोंदी होत गेल्या. २००२ साली कंपनी बुडाली. हिशेबातला घोटाळा अकरा अब्ज डॉलरच्या घरात निघाला. २००५ साली कंपनीचे प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि सांगितले तसे लिहिणाऱ्या बेटी विन्सनलाही पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरात स्थानबद्धता भोगावी लागली. 'मला सांगितले म्हणून मी लिहिले' हे उत्तर तेथेही चालले नाही, येथेही चालत नाही.

पण तेथे एक गोष्ट झाली. २००२ सालीच अमेरिकेने नवा कायदा करून, शेअरबाजारातल्या कंपनीत असा गैरव्यवहार उघड करणाऱ्या नोकराला सूडबुद्धीने काढता येणार नाही असे ठरवले. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने अशा कंपन्यांना नोकरांच्या तक्रारीसाठी व्यवस्था ठेवायला सांगितले आहे. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. कंपनीचा लेखापरीक्षक मुदतीपूर्वी काढायचा असेल तर विशेष ठराव लागतो, केंद्र सरकारची परवानगी लागते. वही तपासणाऱ्याला एवढे कवच! ती वर्षभर लिहिणाऱ्याला काढायला 'उद्यापासून तरास घेऊ नका' एवढे पुरते.

'तुम्ही तर मॅनेजर!'

मग दिवाणजींना कायद्याने काहीच दिले नाही काय? दिले आहे, आणि हेच त्यांना कोणी सांगत नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' या शब्दात कारकुनी काम करणारा स्पष्टपणे धरला होता. १९५३ साली त्यात भर पडली. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा. त्यासाठी दुकानात अमुक इतकी माणसे हवीत अशी अट नव्हती. आमच्या दिवाणजींना काढले तेव्हा हा कायदा चालू होता. एकतीस वर्षांमागे पंधरा दिवस! वाचकांनी स्वतःच गुणाकार करावा. आता तो कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत गेला आहे आणि ही तरतूद तेथेही आहे.

यावर मालकपक्षाचे एक ठेवणीतले उत्तर असते. 'ते कारकून कोठले? ते तर आमचे मॅनेजर!' पगार कारकुनाचा, हुद्दा मॅनेजरचा. या उत्तराचा समाचार सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली घेतला आहे. मुंबईच्या सीबा-गायगी कंपनीत एक गृहस्थ १९५६ साली लघुलेखक-हिशेबनीस म्हणून लागले आणि पुढे 'असिस्टंट' झाले. १९७२ साली त्यांना कमी केले. कंपनी म्हणाली, हे कामगारच नव्हेत. न्यायालयाने म्हटले की, माणसाचे मूळ आणि मुख्य काम कोणते ते पाहा. जोडीला थोडी देखरेख सांगितली म्हणून त्याचा दर्जा बदलत नाही. त्यांचे मुख्य काम कारकुनी होते, म्हणून ते कामगार ठरले. हा निकाल प्रत्येक दिवाणजीने ध्यानात ठेवावा.

बाकीच्या कायद्यांत मात्र संख्येची रेघ आडवी येते. भविष्यनिर्वाह निधीला वीस माणसे, ग्रॅच्युइटीला दहा. राज्याने २०१७ साली दुकानांचा नवा कायदा केला, त्यातही कामाच्या तासांचे आणि सुट्यांचे नियम दहा माणसांपासून पुढे लावले; १९४८ च्या जुन्या मुंबई कायद्यात अशी अट नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या एकीत प्रत्येक नोकराला नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे. पण तिची रेघही साधारणतः दहावरच आहे. चार माणसांच्या पेढीवरचा दिवाणजी प्रत्येक रेघेच्या अलीकडे राहतो. त्याच्या हाती उरतो तो कामगार म्हणून असलेला हक्क आणि तो सिद्ध करायला पुन्हा कागद पाहिजे.

एक पानाचा नमुना

सरकारने रेघ खाली आणावी, हे मागणे आहेच. पण तोवर वाट पाहत बसायचे कारण नाही. आमच्या महाविद्यालयात व्यावहारिक मराठीच्या तासाला मी मुलांना पत्रलेखन शिकवतो. अभिनंदनाचे पत्र, क्रमिक पुस्तके मागवण्याचे पत्र, असे ठरलेले नमुने असतात. यंदा मी म्हटले, 'लहान पेढीवरच्या हिशेबनिसाचे नेमणूकपत्र शुद्ध मराठीत एका पानात लिहा.' वर्गात निम्मी मुले कोठे ना कोठे काम करणारी. चांगला खल झाला आणि पाच कलमे निघाली ती अशी.

एक, नेमणुकीची तारीख आणि काम 'हिशेब लिहिणे' असे स्पष्ट लिहावे. 'मॅनेजर' असे पोकळ नाव देऊ नये. दोन, पगाराचा आकडा आणि तारीख लिहावी, पगार बँकेत जमा करावा. तीन, कामाचे तास आणि आठवड्याची सुटी लिहावी. मार्चअखेरीस किंवा विवरणपत्राच्या वेळी जादा बसावे लागले तर त्याचा मोबदला अथवा बदली सुटी द्यावी. चार, बिल किंवा पावती असेल तरच नोंद होईल. नसेल तर मालकाच्या सहीच्या चिठ्ठीवरच होईल. पाच, नोकरी सुटताना दप्तराची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात, एक प्रत नोकराला द्यावी आणि अनुभवाचे पत्र व बाकी रक्कम त्याच दिवशी चुकती करावी.

एक मुलगी कॉलेज सुटल्यावर औषधांच्या दुकानात बिले करते. ती म्हणाली, "सर, एक राहिलं. वहीत कोनं लिवलं ते अक्षरावरून समजे. संगनकात समद्यायचं अक्षर एकच!" तिचे म्हणणे असे की, प्रत्येकाचा सांकेतिक शब्द वेगळा असावा आणि एकाच्या नावाने दुसऱ्याने नोंद करू नये. कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकात कोणी केव्हा काय बदलले याची नोंद राहिलीच पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहेच. पेढीला तो नाही. आम्ही ते सहावे कलम घातले.

हा कागद मालकाच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. पैशाची अफरातफर झाली तर खऱ्या मालकालाही हाच कागद उपयोगी पडेल. आमच्या बाजारात दिवाणजीला घरच्यासारखे वागवणारे, त्याच्या मुलीच्या लग्नात उभे राहणारे शेठजी मी पाहिले आहेत. पण घरच्यासारखे वागवणे ही मर्जी झाली. मर्जी शेठजींच्या मुलाकडे वारसाने जातेच असे नाही. कागद जातो.

मुलांनी लिहिलेला तो नमुना मी आमच्या दिवाणजींना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, सवयीने वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, दोन परती लिवा म्हना पोराइले. एक शेठजीपाशी, एक त्याच्यापाशी. एकाच परतीचा कागद कामाचा नाही."

तेव्हा ज्या पेढीवर दिवाणजी आहेत त्या पेढीच्या मालकांनी ही कलमे उतरून घ्यावीत आणि तळाशी सही करावी. दोन प्रतींत.